पुरा हात

नागव्वाच्या हातात काठी असायची ती चालायला नव्हे, दाखवायला. बायका खुरपणीला ओळीनं बसल्या की ती बांधावरनं उतरून त्यांच्या मागनं चालायची आणि जिथं तण राहिलं असेल तिथं काठीचं टोक टेकवायची. बोलायची नाही. जिच्या मागं काठी टेकली तिनं मुकाट्यानं मागं वळायचं, राहिलेलं उपटायचं आणि पुन्हा पुढं सरकायचं. तोरणहळ्ळीत सरपंच बदलले, ग्रामसेवक बदलले, गुरुजी तर दर तीन वर्षांनी बदलत, पण ही काठी काही बदलली नाही.

गावाच्या वरच्या आळीत काही घरांची मिळून सावड होती. तिथं मजुरीचा प्रश्नच नाही. आज सगळ्याजणी तुझ्या रानात, उद्या सगळ्याजणी माझ्या. ज्या घरानं जितके हात दिले तितके त्याला परत मिळायचे. मात्र हात आणि हात यात फरक होता. जी बाई या बांधावरनं धरलेली आपली पात, म्हणजे वाट्याची ओळ, त्या बांधापर्यंत सगळ्यांच्या बरोबरीनं आणि स्वच्छ नेते, ती पुरा हात. जिची पात मध्येच राहते आणि दुसरीला समोरनं येऊन ती पुरी करून द्यावी लागते, ती अर्धा. शाळेतल्या पोरी अर्ध्या, म्हाताऱ्या अर्ध्या, बाळंतपणातनं नुकती उठलेली अर्धी. पोरगी अर्ध्याची पुरी कधी झाली हे नागव्वा सांगायची, आणि तिनं एकदा सांगितलं की ते कुणी खोडत नसे. तिनं स्वतः पात धरून मात्र बरीच वर्षं झाली होती. गुडघे गेले आणि काठी आली.

यंदा पेरण्या वेळेवर झाल्या, उडीद आणि तूर वर आली, आणि मग पावसानं असा काही तळ ठोकला की कुणाला रानात पाय घालता येईना. तण तेवढं मजेत वाढलं. उघडीप पडली तेव्हा उडदाच्या काकऱ्या, पेरलेल्या ओळी, शोधाव्या लागत होत्या. गावातल्या मोकळ्या बायका सकाळीच जीपमध्ये बसून सोलापूरला बांधकामावर जात, त्यामुळं बाहेरचं माणूस मिळायची आशाच नव्हती. जे काही व्हायचं ते सावडीवर. नागव्वाचं रान माळाला, हलकं, त्याला आधी वाफसा आला, ते कामापुरतं सुकलं. म्हणून सावडीची सुरुवात तिच्याच रानातनं झाली.

त्या दिवशी तिच्या नातीनं, भुवनेश्वरीनं, पहिल्यांदा स्वतंत्र पात मागितली. आजवर ती आईच्या शेजारी बसायची आणि आईच्या पातीत लुडबुड करायची. आठवीचा निकाल लागून सुट्टी संपली, शाळा सुरू झाल्या, पण पेरणी होऊ दे, मग बघू, असं म्हणत बापानं तिला घरीच ठेवली होती. काम नसलं की तिचे हात शिवशिवायचे.

"धरू का ग अज्जी मी माझी येगळी?"

"धर की. मधीच बसलीस तर तुझी आई येतीया पुरी कराया."

पोरगी बसली. नागव्वा मागनं चालत होती आणि काठी टेकवायला जागा शोधत होती. जागा सापडेना. केना हे मोठं लबाड तण. वरनं तोडला की त्याच्या पेरापेराला मुळ्या फुटतात, म्हणून खुरपं आडवं घालून तो मुळासकट काढावा लागतो. पोरगी तसाच काढत होती. ऊन चढलं, बायका बोलायच्या थांबल्या, नुसता खुरप्यांचा खसखस आवाज राहिला. पलीकडच्या बांधाला पाती लागल्या तेव्हा भुवी दाक्षायणीच्या एक हात पुढं होती. आणि दाक्षायणी म्हणजे सावडीतली सगळ्यात चलाख बाई.

नागव्वाला इतका आनंद झाला की तिला तो दाबता आला नाही, आणि दाबायचं कारणही तिला दिसलं नाही. ती बांधावर उभी राहून ओरडली, "बगा ग सगळ्याजणी! आजपास्नं माजी नात पुरा हात!"

बायकांनी खुरपी एकमेकींवर वाजवली. रीतीप्रमाणं नागव्वानं कनवटीची हळदीची पुडी सोडून भुवीच्या खुरप्याला बोट लावलं. जेवताना त्या दिवशी पोरीनं कुणाला वाढायचं नसतं, सगळ्यांनी तिला वाढायचं असतं. भुवीच्या पुढ्यात कडक भाकरी, शेंगाची चटणी, दही, कुणाच्या डब्यातली वांग्याची भाजी असं सगळं येऊन पडलं आणि ती लाजून लाजून खात होती. तिची आई गंगम्मा मात्र हात धुवायला म्हणून विहिरीवर गेली ती लवकर आलीच नाही. नागव्वाला ते दिसलं. तिला वाटलं, पोरगी मोठी झाली की आयांना रडू येतंच.

संध्याकाळी सोमशेखर सर मोटारसायकलवरनं आले. गावच्या शाळेत आठवीपर्यंतच वर्ग, आणि आठवीचे मास्तर हेच. नागव्वाचा लेक, भुवीचा बाप चनबसप्पा म्हशीची धार काढत होता. तो उठला नाही, पण त्यानं बायकोला चहा टाकायला सांगितलं.

"चनबसप्पा, सोमवार शेवटचा बरं का," सर कट्ट्यावर बसत म्हणाले. "अक्कलकोटच्या हायस्कूलमध्ये माझ्या शब्दावर जागा धरून ठेवलीय. महिना होत आला शाळा सुरू होऊन. आता ते थांबायचे नाहीत."

"सर, पोरीची आठवी झाली की."

"झाली."

"चौदाबी भरली."

"भरली."

"मग कायदा तितंच संपतो न्हवं? तुमीच सांगितलंता पालकांच्या मीटिंगला. चौदा वर्सापत्तूर पोर शाळंतच पायजे, न्हाय तर घरला येऊन विचारत्याल. मी पाटवली. कवा खाडा केला का? सरकारला माज्याकडनं वाईट वाटायला जागा ठिवली न्हाय मी." असं म्हणून त्यानं म्हशीला थोपटलं. कायद्याप्रमाणं वागलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर जे समाधान असतं ते त्याच्या चेहऱ्यावर होतं.

सर हसले. "अहो, चौदापर्यंत कायदा तुम्हाला धरतो. पुढं तुम्हाला सोडतो. पोरीला शाळेतनं काढा असं कुठं म्हणतो तो? तिथवर सरकारनं बघितलं, आता तुम्ही बघायचं."

नागव्वाला हे चौदाचं काही पटेना. "चौदा कुणी ठरिवलं वो सर?"

"दिल्लीत ठरलं."

"दिल्लीत कुणाच्या पोरी बगून ठरलं? काई पोरी बाराव्यात पुऱ्या हुत्यात. काई इशीत गेल्या तरी हुईत न्हाईत. आमच्यात वय न्हाय बगत, पात बगत्यात."

"आणि आज बघितली म्हणे तुम्ही."

"बगितली. चोख हुती."

"मग दिल्लीनंही सोडलं आणि तुम्हीही सोडलं." सरांनी बशीत चहा ओतला. "आता पोरगी काय म्हणते?"

हे कुणी विचारलंच नव्हतं. सगळे वळून बघायला लागले. भुवी चुलीपुढं कांदा चिरत बसली होती. तिनं विळीवरचा हात थांबवला.

"मी नववीला जाणार हाय."

"मग पात कशाला पुरी केलीस?" चनबसप्पा म्हणाला. "अर्दी ठिवायची की."

"अर्दी कशाला ठिवू? येत हुती मला." तिचा आवाज चढला आणि लगेच पडला. "मला वाटलं, पुरा हात म्हंजे पयला नंबर. शाळा सोडायची असती त्यात, हे मला कुणी सांगितलं न्हाय."

नागव्वानं कपाळाला हात लावला. सांगायचं ते काय? पुरा हात झालेली पोरगी शाळेत जात नाही, हे तिला कधी सांगावं लागलंच नव्हतं. ते सगळ्यांना ठाऊक असायचं, वाफसा आला की नाही हे ठाऊक असतं तसं.

"हे बगा सर," ती म्हणाली, "आमच्या रानात आज सगळ्या घरांनी आमचे दोन पुरे हात धरून काम केलंय. आता परत्येकीच्या रानात आमचे दोन पुरे गेले पायजेत. पाऊस पुन्ना धरायच्या आत. सावडीत दिलेला हात मागं घेता येत न्हाय. घेटला तर उद्या आमच्या बांदाला कोण येईल?"

चहा संपवून सर उठले. "सोमवारी सकाळी मी मोटारसायकल घेऊन येतो. पोरगी दारात उभी असली तर नेईन," एवढं म्हणाले आणि गेले.

भुवीनं उरलेला कांदा चिरायला घेतला. जरा वेळानं, भांडण नसल्यासारखं, ती म्हणाली, "अज्जी, कांद्याच्या आत पातळ पापुद्रा असतो बग. प्रदर्शनाला गेलतो तवा त्या हायस्कूलमदी काचंखाली ठिवून दाकवला. आत निस्ती घरं. भिताडाला भिताड लावून. विटंचं बांधकाम असतंया तसं."

"कांद्यात घरं?"

"व्हय. अन् परत्येक घरात एकेक ठिपका."

"ऱ्हात्यात कोण त्यात?"

भुवीला हसू आलं, पण ती हसली नाही. "ते नववीला सांगत्यात," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दाक्षायणीचं रान. खाली ओढ्याकाठी काळी, भारी जमीन. वरनं वाळल्यासारखी दिसे, पण खुरपं घातलं की चिकट गोळा पात्याला धरायचा. दर थोड्या वेळानं तो अंगठ्यानं काढून टाकावा लागे. हरळी तर अशी रुतलेली की ओढताना मनगट दुखायला लागायचं. भुवीच्या उजव्या तळव्याला फोड आला, मग तो फुटला. तिनं परकराची चिंधी गुंडाळली आणि पुन्हा खुरपं धरलं. नागव्वा मागनं चालत होती. आजही काठी टेकवायला जागा मिळत नव्हती, पण कालचा आनंद काही येईना. पोरीनं मुद्दाम चार काड्या मागं ठेवल्या असत्या तरी नागव्वानं आज डोळेझाक केली असती. पोरीला ते सुचलंच नसावं. किंवा सुचून जमलं नसावं.

दुपारी बांधावर जेवायला बसल्या तेव्हा दाक्षायणीनं भुवीला निरखलं, माणूस बाजारात खोंड निरखतं तितक्या आपुलकीनं. "नागव्वाक्का, माज्या भावाचा पोरगा हाय. ट्रॅक्टर हाय, बोअरला पानी हाय. पोरगं सुपारीच्या खांडालाबी शिवत न्हाय."

"तिला अटरा व्हायचीत अजून," बजाबाई म्हणाली. बजाबाई सावडीतली सगळ्यात शांत बाई. उद्या तिच्या घरी पाहुणे होते, म्हणून सावड एक दिवस बंद, आणि परवा, सोमवारी, तिचं रान होतं.

"आता लगीन कोण म्हणतंय? बोलून ठिवायचं. चार वर्सं काय, खुरपता खुरपता जात्यात. पुरा हात झालेली पोरगी कोण घरात बशिवतं का?"

भुवीनं पुढ्यातली भाकरी तशीच फडक्यात गुंडाळली आणि ती पाणी आणायला ओढ्याकडं गेली. नातीचं लग्न व्हावं असं नागव्वालाही वाटत होतं. पण अजून कित्येक वर्षांनी, एखाद्या वेगळ्याच पोरीचं असावं तसं लांबचं. हे दाक्षायणीनं आताच दारात आणून उभं केलं होतं. आणि दार उघडलं होतं ते आपणच, काल, बांधावर उभं राहून, ओरडून.

तिनं जेवायचा कांदा बुक्कीनं फोडला. आतली एक पाकळी काढून तिनं नखानं पापुद्रा सोलला आणि आभाळाकडं धरला. डोळे बारीक करून पाहिलं. घरं काही दिसली नाहीत. नुसता उजेड दिसला.

"काय बगताय?" बजाबाईनं विचारलं.

"काई न्हाय. भुवी म्हणती ह्यात घरं असत्यात."

"असत्याल," बजाबाई म्हणाली. तिला कशाचंच नवल वाटत नसे.

घराकडं परतताना भुवी पुढं निघून गेली होती. सासू-सुना मागं. गंगम्मा तशी कमी बोलणारी. लग्न होऊन आली तेव्हापासून तिनं सासूला उलट शब्द म्हणून केला नव्हता, आणि नागव्वा हे सगळ्या गावाला अभिमानानं सांगत असे.

"अत्ती," गंगम्मा चालता चालता म्हणाली, "मला तुमी पयल्यांदा कुटं बगितलं, आटवतंय?"

"तुज्या बापाच्या रानात की. ज्वारीच्या खुरपणीला. मी पावनी आल्ते."

"तवा मी आटवीत हुते. माजी पात बगून तुमी माज्या बापाला म्हणला, ही पोरगी मला पायजे. लगीन मागनं झालं, पण शाळा त्याच दिशी सुटली. बाप म्हणला, ठरलेल्या पोरीला कशाला शाळा." तिनं डोक्यावरचा भारा नीट केला. "माजी पुस्तकं गोट्यातल्या कोनाड्यात हुती. मी मागितली न्हाईत. मागायची असत्यात हेच म्हाईत नव्हतं."

इतक्या वर्षांत नागव्वाला कधी वाटलंच नव्हतं की त्या दिवशी त्या रानात पातीशिवाय आणखी काही होतं.

"तुमी एक सांगा सावडीत," गंगम्मा म्हणाली. "सांगा की, नीट बगितलं न्हवतं, पोरीच्या पातीत तण ऱ्हायलं हुतं. तुमच्या एका शब्दानं ती अर्दी हुईल. अर्द्या पोरीला कुणी आडवत न्हाय. मी माजं अन् तिचं बगीन कसंबी."

नागव्वा थांबली. वाटेत चिखल होता आणि तिनं काठी त्यात रोवली.

"गंगा, तिच्या पातीत काडी न्हवती."

"मला म्हाईत हाय."

"मग कसं म्हणू? ह्या तोंडानं मी कुणाला खोटं अर्दं म्हणलं न्हाय, अन् खोटं पुरंबी म्हणलं न्हाय. अन् ती पोरगी ऐकंल तर काय म्हणंल? एवडं चोख करूनबी अज्जी मला अर्दी म्हणती?"

गंगम्मानं डोळे पुसले आणि ती चालायला लागली. नागव्वा तिथंच उभी राहिली. मग हळूहळू, काठी उपटत आणि रोवत, घराकडं आली. रविवारभर ती कुणाशी नीट बोलली नाही. चनबसप्पानं दोनदा विचारलं, ताप आहे का म्हणून. तिनं त्याला दोन्ही वेळा हाकलून दिलं.

सोमवारी सकाळी ती सगळ्यांच्या आधी उठली. वळचणीला खोवलेलं तिचं जुनं खुरपं काढलं, गंज होता तो दगडावर घासला. अंगणात पाणी मारून पात्याला धार काढत असताना चनबसप्पा बाहेर आला.

"अव्वा, हे काय?"

"पोरीला उटीव. आंगोळ करून शाळंचे कपडे घालू दे. दाखला घिऊन सरांबरोबर जाऊ दे."

"अन् सावड?"

"हात मागं घेता येत न्हाय. बदली देता येती."

"बदली कोण देतंय ह्या दिसांत?"

नागव्वानं खुरप्याची धार अंगठ्यावर बघितली.

"अव्वा!" चनबसप्पा खाली बसला. "तुजं गुडगं!"

"गुडगं माजं हायत. तू तुजं संबाळ."

"लोक काय म्हणत्याल? पोरगी शाळंत अन् म्हातारी पातीत?"

"म्हणू दे की. लोकांच्याबी पाती हायत, बगीन मी." असं म्हणून ती उठली. उठताना तिनं खांबाला धरलं ते चनबसप्पानं पाहिलं, आणि तो वैरण टाकायला गेला.

बजाबाईचं रान गावाबाहेर, रस्त्याला लागून. बायका जमल्या तेव्हा सरांची मोटारसायकल रस्त्यानं गेली. मागं भुवी, मांडीवर दप्तर, तळव्याला पांढरी पट्टी. तिनं रानाकडं पाहिलं आणि हात वर केला. मग आजी कुठं आहे हे तिच्या लक्षात आलं असावं, कारण हात तसाच वर राहिला. तोवर गाडी वळणाला लागली.

नागव्वा तेव्हा खाली बसायच्या खटपटीत होती. डावा गुडघा वाकेना. शेवटी तिनं तो पाय बाजूला पसरला आणि एका ढुंगणावर बसकण मारली.

"यव्वा, नागव्वाक्का!" दाक्षायणीनं तोंडावर पदर घेतला. "मग काटी कोण धरायचं?"

"ऱ्हाऊ दे बांदावर. तण कसं काडायचं ते मला ठावं हाय."

सुरुवात झकास झाली. हात विसरले नव्हते. खुरपं आडवं घालायचं, मनगटाला झटका द्यायचा, डाव्या हातानं ओढून माती झटकायची. नागव्वाला वाटलं, उगीच इतकी वर्षं उभं राहून काढली. ती चार हात पुढंही गेली, आणि दाक्षायणीकडं बघून हसली. मग कमरेत एक कळ आली ती गेलीच नाही. पुढं सरकायचं म्हणजे हात टेकायचा, अंग उचलायचं, पाय ओढायचा, आणि पुन्हा बसायचं. चिखल लुगड्याला लागून लुगडं जड झालं. घाम डोळ्यांत गेला. तिनं मान वर केली तेव्हा पुढं नुसत्या पाठी दिसत होत्या. या बायकांच्या पाठी तिनं हजार वेळा पाहिल्या होत्या, पण त्या उभं राहून, वरनं. बसून बघताना त्या फार लांब गेलेल्या दिसत होत्या.

पलीकडच्या बांधाला सगळ्यांच्या पाती लागल्या. बायका उठून कंबर सरळ करायला लागल्या, आणि मग एकेक करून गप्प झाल्या. नागव्वा रानाच्या मध्यावर होती. गंगम्मा पटकन खाली वाकली. सासूची उरलेली पात समोरनं धरायला.

"थांब!" नागव्वा ओरडली. "हात लावू नगंस. आदी ठरू दे."

ती खुरप्यावर जोर देऊन उभी राहिली. दोनदा तोल गेला. मदतीला कुणी यायचं धाडस केलं नाही. मग तिनं ओळीकडं आणि मग आपल्या मागच्या जागेकडं बघितलं. जेवढी केली होती तेवढी पात स्वच्छ होती. पुढची तशीच होती.

"बगा सगळ्याजणी," ती म्हणाली. तोच आवाज, भुवीला पुरा हात म्हणतानाचा. "नागव्वा अर्दा हात."

बजाबाईनं नजर खाली घातली. दाक्षायणीची जीभ एरवी कुणाला सोडत नसे, पण तिलाही यात गंमत वाटली नाही. पण सावडीची रीत तिला शिकवली होती तीही नागव्वानंच.

"मग दुसरा अर्दा, नागव्वाक्का?" ती हळू आवाजात म्हणाली.

चनबसप्पा बायकांना प्यायला पाण्याची घागर घेऊन नुकताच बांधावर आला होता. आईचं बोलणं त्यानं ऐकलं होतं. घागर खांद्यावरनं उतरवायचं त्याला भान नव्हतं.

"चन्ना," नागव्वा म्हणाली, "ये. बस."

"मी?"

"तू. तिकडनं धर. मी हिकडनं येते."

"अव्वा, खुरपणीला गडी बसतो का कुटं?"

"बसू नये असा कायदा हाय का?" नागव्वानं विचारलं. "तुला कायदे लई म्हाईत हायत."

आधी बजाबाई हसली. शांत बाई हसली म्हटल्यावर बाकीच्यांना आवरेना, सगळी ओळ हसत सुटली. चनबसप्पाचं तोंड लाल झालं. त्यानं रस्त्याकडं पाहिलं, कोणी येतंय का. मग रानाच्या मध्यावर उभ्या असलेल्या आईकडं पाहिलं. तिचं लुगडं कमरेपर्यंत चिखलानं माखलं होतं. ती मात्र जागची हलत नव्हती. त्यानं घागर खाली ठेवली, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि बायकोपुढं हात केला. गंगम्मानं आपलं खुरपं त्याच्या हातात दिलं आणि कमरेला खोवलेलं दुसरं घेतलं.

"वो भावजी, उडीद हाय त्यो!" थोड्याच वेळात दाक्षायणी ओरडली. "त्यो ठिवायचा असतो!"

पात पुरी झाली. मायलेक मध्यावर समोरासमोर आले तेव्हा चनबसप्पा कमरेला हात लावून बसला होता. त्याला धड उठताही येत नव्हतं आणि पुढं सरकताही येत नव्हतं.

"अव्वा, ह्ये रोज करायचं?"

"सावड फिटूस्तवर."

"अन् गंगी रोज करती?"

"तुजं लगीन झाल्यापास्नं," नागव्वा म्हणाली. पुढच्या पातीला चनबसप्पा न सांगता बसला.

ऊन कलल्यावर सर भुवीला रस्त्यावर सोडून गेले. ती धावतच बांधावर आली आणि थबकली. ओळीत आजी होती. आजीच्या पुढं, उलट्या दिशेनं येणारा, तिचा बाप होता, डोक्याला टॉवेल गुंडाळून, बायकांच्या मध्ये. भुवीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि हसूही आलं. तिनं दप्तर टाकलं आणि ती आजीच्या खुरप्याला हात घालायला वाकली.

"दे अज्जी. मी पुरी करते."

"सोड," नागव्वा म्हणाली. "नाव घातलं का?"

"घातलं. पुस्तकंबी दिली. अज्जी, नववीच्या पुस्तकात कांदा हाय."

"असू दे. मागनं बगू कांदा. आदी ती काटी घे."

बांधावर काठी सकाळपासनं तशीच पडली होती. भुवीनं ती उचलली, पण तिला काही कळेना.

"मी काय करू हिचं?"

"मागनं चाल. सकाळपास्नं कुणी बगितलं न्हाय, कुणी काय सोडलंय द्येव जाणं. काटी पुऱ्या हातानं धरायची असती. घरात पुरे दोनच, तुजी आई अन् तू. तुजी आई पातीत हाय."

दाक्षायणीनं मान वळवून पोरीकडं पाहिलं, मग नागव्वाकडं. तिच्या ओठांवर काहीतरी आलं होतं. ते तिनं गिळलं आणि खुरपं चालवलं.

भुवीनं बूट काढून बांधावर ठेवले आणि ती रानात उतरली. बायकांच्या मागनं ती एकेक पाऊल टाकत चालली. आधी भीत भीत, मग नीट बघत. बापाच्या मागं काठी टेकली. तो कण्हला, वळला, हरळीची मुळी उपटली. आणखी दोन पावलांवर पुन्हा टेकली. "आर द्येवा," तो म्हणाला आणि पुन्हा वळला. बायका खुसखुसल्या.

मग ती आजीच्या मागं आली. खूप वेळ काहीच झालं नाही. नागव्वानं खुरपं थांबवलं नाही, पण कान मागं लावून ठेवले होते. पोरगी थांबलेली तिला कळली. तिथंच थांबून राहिलेलीही कळली. आणि मग अगदी हलक्या हातानं काठीचं टोक मातीत टेकलं.

केना होता. वरनं तुटलेला, मूळ आत.

नागव्वा मुकाट्यानं मागं वळली, खुरपं आडवं घातलं आणि तो मुळासकट काढला.